धुतला की चार दिवस चालतो, मग पुन्हा अडतो : पिस्टनच्या शाईपेनाची दुखणी आणि इलाज

तक्रार जवळपास ठरलेल्या शब्दांत येते. "भाऊ, पेन धुतला का चार दिवस मस्त चालते, मंग पुन्हा अडते." सांगणारे कधी शाळेतले गुरुजी असतात, कधी ग्रामपंचायतीत रजिस्टर लिहिणारं कुणी, तर कधी मोबाइलवर व्हिडिओ पाहून पहिल्यांदाच शाईपेन मागवलेला कॉलेजचा पोरगा. रोगाचं निदान त्यांनी आधीच करून आणलेलं असतं : पिस्टन गेला. आणि मागणीही ठरलेली : "खोलून द्या."

खोलायचं नाही. निदान सुरुवातीला तर नाहीच. असे जे पेन माझ्यापुढे येतात, त्यातल्या बहुतेकांचा पिस्टन ठणठणीत असतो. अडलेली असते ती निबखालची जीभ, म्हणजे फीड. आणि ती अडते आपण ज्या पाण्याने पेन धुतो त्या पाण्यामुळे, नाहीतर अर्धवट धुण्यामुळे. म्हणून तर दर धुण्यानंतर थोडे दिवस बरे जातात आणि दुखणं परत येतं. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात हे हमखास दिसतं. बाकी विदर्भातही बोअरचं पाणी कुठे फार गोडं लागून गेलंय!

आत काय चालतं ते आधी

पिस्टनचा पेन म्हणजे ज्याच्या पोटातच पंप आहे असा पेन. ड्रॉपर लागत नाही, रबरी पिशवी नसते, शाईचं तयार काडतूस (कार्ट्रिज) नसतं. मागची फिरकी घड्याळाच्या उलट फिरवली की आतला दट्ट्या निबकडे सरकतो. सुलट फिरवली की मागे येतो आणि शाई ओढून घेतो. १९२९ साली जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या पेलिकन कंपनीने असा पेन बाजारात आणला. त्यातली दुहेरी आट्यांची युक्ती, म्हणजे फिरकी थोडी फिरवून दट्ट्या जास्त सरकवण्याची, थिओडोर कोवाच या अभियंत्याची. आज तैवानचा ट्विस्बी घ्या किंवा चीनचा विंगसंग, कल्पना तीच. साधारण सव्वा ते दोन मिली शाई मावते.

पण कागदावर शाई पोचवायचं काम पिस्टनचं नाही. शाई एकदा ओढून घेतली की तो नुसता बूच होऊन बसतो. पुढचं सगळं फीडकडे. फीडमध्ये केसाएवढी खाच असते, तिच्यातून शाई आपोआप निबकडे झिरपते. आणि जेवढी शाई बाहेर जाईल तेवढी हवा त्याच फीडमधून उलट आत यावी लागते. शाईची वाट अरुंद झाली तर अक्षर फिकट येतं. हवेची वाट अरुंद झाली तर टाकीत ओढ तयार होते आणि पेन दोन-चार ओळी झकास लिहून अचानक कोरडा पडतो, थोडा वेळ ठेवला की पुन्हा चालतो. ही दुसरी तऱ्हा दिसली की लोक पिस्टनवर शंका घेतात. तिथेच गाडी चुकते.

खोलण्याआधी एवढं करून पाहा

पेनात शाई असताना निब खाली धरून फिरकी किंचित फिरवा आणि एक थेंब बाहेर काढा. मग लिहा. थेंब काढल्यावर छान चाललं आणि थोड्या ओळींनी परत कोरडं पडलं, तर दोष फीडचा. पिस्टनला हातही लावू नका. थेंब काढूनही निबच्या टोकाशी शाई येत नसेल, तर निबची चीर बुजलेली आहे किंवा निबची दोन टोकं एकमेकांवर घट्ट दाबली गेली आहेत. भिंगातून पाहिलं की कळतं. आपल्याकडे जिनिंगच्या हंगामात चिरेत कापसाचा तंतू अडकलेला सर्रास सापडतो, बाजारच्या गावात तर टेबलावर रुईचा थर असतोच. तो तंतू बारीक चिमट्याने ओढून काढायचा. चिरेत दाढीचं पातं घालायची जुनी खोड आहे ना, ती सोडा. पातं चिरेपेक्षा जाड ठरलं तर निब कायमची फाकते, आणि फाकलेली निब शाईचा ओघळ सोडते.

फिरकी हलकी फिरते पण पेन शाई ओढत नाही, बुडबुडेच येतात, असं असेल तर आधी निब पुरेशी बुडली होती का ते बघा. नुसतं टोक बुडवून चालत नाही. निब आणि त्यामागचा फीडचा उघडा भाग पूर्ण शाईत हवा. दौतीत शाई तळाला गेलेली असते, आणि लोक पिस्टनला शिव्या देत बसतात. निब पूर्ण बुडवूनही बुडबुडे येत असतील तर मात्र दट्ट्याचं सील सैल झालेलं असू शकतं, किंवा निबचा भाग बसवतात तिथे तडा गेलेला असतो.

फिरकीच घट्ट, किंवा दट्ट्याच्या मागच्या बाजूला शाई दिसतेय, हे पिस्टनचे खरे आजार. त्यांच्याकडे शेवटी येऊ, कारण फीड नीट धुतल्यावर त्यातला पहिला बऱ्याचदा आपोआप सुटतो.

पाणी

इथे थोडं थांबणार आहे. आमच्या भागात सगळी गोम पाण्यात आहे.

घरातला कूलर डोळ्यांपुढे आणा. बोअरचं पाणी टाकून दोन उन्हाळे चालवलेल्या कूलरच्या जाळीवर आणि ताट्यांवर पांढरी खडबडीत साय चढलेली असते. पाणी उडून गेलं, त्यातला क्षार मागे राहिला. तुमच्या फीडमध्येही तेच घडतं, फरक एवढाच की तिथली वाट केसाएवढी आहे. पेन धुऊन वाळवला की फीडच्या खाचेत राहिलेलं थेंबभर पाणी उडून जातं आणि क्षाराचे कण तिथेच बसतात. एकदा धुण्याने काही बिघडत नाही. दर आठवड्याला खाऱ्या पाण्याने धुवा आणि दर वेळी वाळवा, मग बघा. सगळ्यांत निगुतीने पेन धुणाऱ्या माणसाचाच पेन सगळ्यांत जास्त अडतो, हे पाहून मला आधी गंमत वाटायची.

यातलं सोडियमचं मीठ पुन्हा पाण्यात विरघळतं, म्हणून धुतल्यावर चार दिवस बरे जातात. चुन्याचा थर मात्र साध्या पाण्याने जात नाही, तो वाढतच राहतो. आणि शाई जर लोहयुक्त असेल, म्हणजे लिहिल्यावर हळूहळू काळी पडणारी जुन्या पद्धतीची निळी-काळी शाई, तर आणखी एक भानगड. त्या शाईतलं लोह आम्लामुळे विरघळलेलं राहतं. आपल्याकडचं खारं पाणी बऱ्याचदा अल्कधर्मी असतं. पेनात असं पाणी शिल्लक असताना ती शाई भरली की लोह गाळ होऊन खाली बसू लागतं. तो गाळ फीडमधून काढणं हे जिकिरीचं काम.

पाणी कसं आहे ते पाहायला मीटर नको. काळ्या प्लास्टिकच्या झाकणावर किंवा काचेवर त्या पाण्याचा एक थेंब ठेवा आणि उन्हात वाळू द्या. पांढरं कडं उमटलं तर ते पाणी पेनासाठी नाही. बोअरचं, विहिरीचं, नळाचं, कॅनचं, असे थेंब शेजारी शेजारी ठेवून पाहा. एका दुपारचं काम आहे. अकोट-तेल्हाऱ्याकडे वान धरणावरच्या ८४ खेडी योजनेचं पाणी येतं, ते बोअरच्या मानाने किती तरी गोडं. ज्या दिवशी नळ येतो त्या दिवशी पेन धुवायचे, असं केलं तरी बराच फरक पडतो. नळ कधी येतो हा वेगळा विषय आहे, त्यात शिरत नाही.

गावोगावी आता आरओचं पाणी कॅनमध्ये मिळतं. धुण्यासाठी ते चालतं. शेवटच्या एक-दोन खळखळीला डिस्टिल्ड वॉटर वापरा. बॅटरीच्या दुकानात इन्व्हर्टरमध्ये टाकायचं म्हणून त्याची बाटली मिळते, आणि ती पेनासाठी वर्षभर पुरते. मात्र बाटलीवर डिस्टिल्ड वॉटरच लिहिलेलं आहे ना, हे नीट वाचून घ्या. त्याच दुकानात त्याच फळीवर बॅटरीचं ॲसिडही असतं. "बॅटरीचं पाणी द्या" एवढंच म्हणून बाटली उचलू नका. मेडिकलमध्ये इंजेक्शनसाठी लागणाऱ्या शुद्ध पाण्याच्या छोट्या कुप्या मिळतात, त्याही चालतात. पावसाळ्यात चार सरी पडून हवेतली धूळ बसली की उघड्यावर स्टीलचं पातेलं ठेवून धरलेलं पाणी उत्तम. टिनावरून ओघळलेलं नको.

पाणी गरम करू नका. कोमट म्हणजे अंगाला लागणार नाही इतपत, त्याच्या वर नाही. एबोनाइटचं, म्हणजे कडक केलेल्या रबराचं, फीड गरम पाण्यात वाकतं आणि काळ्याचं तपकिरी पडतं. प्लास्टिकची नळीही गरम पाण्याला भरवशाची नाही. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं दुपारचं पाणी हात भाजतं, तेही याच हिशेबात धरा.

धुणं

दोन वाट्या घ्या. एकीत स्वच्छ पाणी, दुसरी घाण पाण्यासाठी. पेनातली उरलेली शाई तिसरीकडे काढा. ती दौतीत परत ओतायची नाही, पेनातला गाळ आणि बुरशी दौतीत गेली की अख्खी बाटली वाया. निब स्वच्छ पाण्यात बुडवून फिरकी फिरवा, टाकी भरा, घाण वाटीत रिकामी करा. पाणी फिकट येईपर्यंत हेच.

बहुतेक लोक इथे थांबतात, आणि दुखणं परत येण्याचं दुसरं मोठं कारण हेच. टाकी स्वच्छ झाली म्हणजे फीड स्वच्छ झालं असं नाही. पाण्याला टाकीतून जायला मोकळा रस्ता मिळतो, फीडच्या कंगव्यासारख्या खाचांमधली घट्ट शाई जिथल्या तिथे राहते. म्हणून टाकीत अर्धं पाणी भरून, निब पाण्यात बुडेल अशा बेताने पेन काचेच्या छोट्या पेल्यात उभा करा आणि रात्रभर तसाच ठेवा. सकाळी पेल्याच्या तळाशी शाईचे धागे उतरलेले दिसतील. ते पाणी फेका, नवं भरा, पुन्हा ठेवा. सकाळचं पाणी जोवर रंगीत येतंय तोवर फीड धुतलं गेलेलं नाही. घाई करणाऱ्याने हा टप्पा गाळला की तो आठवड्याने परत येणार.

मग पेन वाळवणं. टाकी रिकामी करा, निब टिपकागदात किंवा टिश्यूत गुंडाळा आणि निब खाली करून पेन पेल्यात उभा ठेवा. कागद फीडमधलं पाणी ओढून घेतो आणि त्यातला क्षारही बाहेर येतो. नुसतं उन्हात वाळवलं तर क्षार आतच राहतो. शिवाय वऱ्हाडातलं ऊन पेनाला दाखवायची वस्तू नाही.

ज्या पेनांचा निबचा भाग फिरवून सुटतो, जसं पेलिकनच्या बऱ्याच मॉडेलांत, तिथे काम सोपं. तो भाग सुटा करून सुई काढलेल्या सिरिंजने मागून पाणी मारायचं. सोडवताना निब आणि फीड दोन्ही एकत्र बोटांत धरा, नुसती निब धरून पिळलं तर ती सरकते. विंगसंग ३००८ सारख्या पेनात निब लामी या जर्मन कंपनीच्या पद्धतीची, पुढून ओढून निघते. तिच्यावर चिकटपट्टी लावून सरळ ओढावी. ओढून निघते की फिरवून, हे माहीत नसेल तर दोन्ही करू नका, भिजवणं पुरेसं आहे.

हट्टी मळ

दोन-तीन रात्री भिजवूनही रंग येतच असेल तर पेलाभर पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एक थेंब. एकच. ते पाणी चार-पाच वेळा आत-बाहेर करा, अर्धा तास ठेवा, मग साध्या पाण्याने फेस पूर्ण जाईपर्यंत धुवा. साबणाचा अंश राहिला तर अक्षर पसरतं.

बाहेरचे लोक यासाठी घरगुती अमोनिया पाण्यात दहाला एक या प्रमाणात वापरतात, आणि तो खरंच काम करतो. पण आपल्याकडे सहज मिळतो तो शाळेच्या प्रयोगशाळेतला कडक अमोनिया. तो घरगुतीपेक्षा कितीतरी तीव्र, नाकाडोळ्यांना घातक. माझं मत विचाराल तर त्या वाटेला जाऊच नका. साबणाच्या थेंबाने आणि सबुरीने नव्वद टक्के कामं होतात असं म्हणायला हरकत नाही.

चुन्याचा थर बसला असेल, म्हणजे फीडच्या कडांना पांढुरकं खडबडीत दिसतंय आणि साबणाने हलत नाही, तर पांढरं व्हिनेगर एक भाग आणि डिस्टिल्ड पाणी नऊ-दहा भाग. अर्धा तास, जास्त नाही, आणि मग भरपूर धुणं. लोहयुक्त शाईच्या गाळालाही हेच लागू पडतं. आजोबांच्या काळातला पेन असेल, किंवा निबवरचा मुलामा उडालेला असेल, तर व्हिनेगर टाळा. लिंबू पिळू नका, त्यातला रेशा फीडमध्ये अडकतो. पितळेच्या भांड्यांना चिंच लावतो म्हणून निबला चिंच लावणारेही भेटले आहेत. त्यांना हात जोडावेत.

सॅनिटायझर, स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, यातलं काहीही पेनाला लावायचं नाही. पारदर्शक ॲक्रिलिकच्या नळीला अल्कोहोलने बारीक तडे जातात, आणि जुना सेल्युलॉइडचा पेन ॲसिटोनमध्ये विरघळतो. ब्लीचिंगचं पाणीही नको. ते स्टीलच्या निबला खातं आणि व्हिनेगर किंवा अमोनियाबरोबर मिसळलं तर विषारी वायू सुटतो.

फिरकी घट्ट झाली असेल तर

जोर लावू नका. आतला आट्यांचा दांडा बहुतेक पेनांत प्लास्टिकचा असतो, पिळला की तुटतो, आणि गावात त्याचा सुटा भाग मिळत नाही.

आधी वर सांगितल्याप्रमाणे पेन भिजवा. दट्ट्याच्या कडेला वाळलेली शाई डिंकासारखी चिकटलेली असते, ती रात्रभरात सैल होते. सकाळी फिरकी थोडी पुढे, थोडी मागे, जेवढी जाईल तेवढीच. बहुतेक वेळा सुटते.

सुटली पण जड फिरतेय, कचकचते, तर वंगण संपलंय. इथे लागतं शुद्ध सिलिकॉन ग्रीस. ट्विस्बीसारख्या पेनाबरोबर त्याची डबी येते. नसेल तर आरओ मशीन दुरुस्त करणाऱ्याकडे विचारा, ओ-रिंगला, म्हणजे रबरी कड्याला, लावायला तो ठेवत असतो. हार्डवेअरच्या दुकानात "सिलिकॉन" म्हटलं की खिडकीच्या फटी बुजवायची ट्यूब हातात देतात. ते ग्रीस नाही, ते सुकून रबर होतं आणि पेनाचा कायमचा निकाल लावतं. व्हॅसलीन रबरी सील फुगवतं. खोबरेल खवट होतं, थंडीत गोठतं, शाईत मिसळून अक्षरावर तेलकट डाग आणतं. शिलाई मशीनचं तेल म्हणजे तर विचारूच नका.

निबचा भाग सुटत असेल तर दट्ट्या पूर्ण मागे घ्या, टूथपिकच्या टोकावर मोहरीच्या दाण्याएवढंही नको इतकं ग्रीस घ्या, नळीच्या आतल्या भिंतीला लावा आणि दट्ट्या आठ-दहा वेळा पुढे-मागे करा. जास्त झालं तर ते फीडमध्ये उतरतं आणि शाई फीडला धरतच नाही. मग पुन्हा साबणाचं पाणी. वर्षातून एकदा केलं तरी पुष्कळ.

मागून पाना लावून पिस्टन काढणं हे ज्या पेनाबरोबर कंपनीने पाना दिला आहे त्याच पेनाला करायचं. बऱ्याच पेनांत पिस्टनचा गठ्ठा आट्यांनी नाही, दाबून बसवलेला असतो. तो फिरवून काढायला गेलात की नळी तडकते.

दट्ट्याच्या मागे शाई दिसते तेव्हा घाबरायचं कारण नाही. पेन बराच काळ न वंगवता वापरला की थोडी ओल सीलच्या मागे सरकते. ग्रीस लावून पेन काही दिवस वापरा आणि मागचा डाग वाढतोय का पाहा. वाढला नाही तर तो नुसता डाग आहे, दिसू द्या. वाढत गेला, फिरकीच्या फटीतून बोटाला शाई लागू लागली, तर सील झिजलंय. ते बदलायला पेन कंपनीच्या सेवा केंद्राकडे किंवा नागपूर-पुण्याच्या जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे जाऊ द्या.

उन्हाळ्यात थुंकतो तो

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा धड धुतलेला पेनही कागदावर डबकं सोडतो. हा रोग नाही, हवेचा गुण आहे. टाकीत एक मिली हवा आहे असं धरा. कूलरच्या खोलीतून २८ अंशांवरून पेन बाहेर ४४ अंशांत नेला की ती हवा पाच टक्क्यांहून थोडी जास्त फुगते, वर शाईची वाफ तेवढीच भर घालते. मिळून दशांश मिली, म्हणजे दोन थेंब शाई बाहेर ढकलली जाणार. फीडच्या खाचा त्यातली काही धरून ठेवतात. टाकी जेवढी रिकामी तेवढी हवा जास्त, तेवढे थेंब जास्त.

म्हणून उन्हाळ्यात पेन भरलेला ठेवा, अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. खिशात निब वर करून. मोटारसायकलच्या डिक्कीत कधीच नाही. उन्हातून आल्यावर टोपण उघडायच्या आधी पाच मिनिटं सावलीत राहू द्या आणि उघडताना निब वरच धरा. शाई भरल्यावर दोन-तीन थेंब परत दौतीत सोडून, निब वर करून फिरकी किंचित मागे घ्यायची, म्हणजे फीडमधली जादा शाई टाकीत जाते. ही सवय बाराही महिने ठेवावी.

याच दिवसांत उलटी तक्रारही येते : शाई दाट झाली, अक्षर गडद आणि चिकट. पाणी उडालं, रंग राहिला. टाकीत डिस्टिल्ड पाण्याचा एखादा थेंब ओढून घेतला की काम होतं. मात्र शाळेला उन्हाळी सुट्टी लागून पेन महिनाभर पडून राहणार असेल तर भरलेला ठेवूच नका. धुऊन, टिपकागदावर वाळवून, रिकामा.

शाईबद्दल थोडं

फाउंटन पेनसाठी म्हणून जी शाई विकतात तीच. कॅम्लिनची साधी रॉयल ब्ल्यू पिस्टनला अतिशय सोयीची, पाण्याने झटकन निघते. (१९३१ साली दांडेकरांनी मुंबईत शाईची पूड विकण्यापासून धंदा सुरू केला, तेच हे घराणं.) लाल शाया पारदर्शक नळीला डाग पाडतात, पण लिहिण्यात अडचण आणत नाहीत. घात होतो तो चित्रकलेच्या वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकने. तालुक्याच्या दुकानात दोन्ही बाटल्या एकाच कपाटात शेजारी असतात, आणि काळी म्हणजे काळी असं समजून देणारा ती देतो. त्यात लाख असते. वाळली की पाण्याला दाद देत नाही. ती चुकून भरली गेली तर त्याच क्षणी, वाळायच्या आत, धुवायला घ्या. शिक्क्याच्या पॅडची शाईही तशीच परकी. दोन शायांचं मिश्रणही करू नका. एकीचा रंग दुसरीत गाळ होऊन बसू शकतो.

सगळं केलं, तरी सकाळी पहिला शब्द उमटत नाही

धुणं नीट, पाणी बदललं, पिस्टन लोण्यासारखा, आणि तरीही रोज सकाळी दोन रेघोट्या मारल्याशिवाय पेन सुरू होत नाही. मग टोपण तपासा. पेनापासून सुटं करून टोपणाचं तोंड ओठांवर धरा आणि हवा आत ओढा. ओठाला चिकटून राहिलं तर ठीक. हवा सरळ येत असेल तर टोपण गळकं आहे, रात्रभरात निब कोरडी पडणारच. काही टोपणांना मुद्दाम भोक ठेवलेलं असतं, लहान पोराच्या घशात अडकलं तर श्वास चालावा म्हणून. तिथे आतली वेगळी टोपी निबभोवती घट्ट बसायला हवी. तीच तडकलेली असते. खिशाची क्लिप जिथे बसवलेली असते त्या फटीतूनही हवा जाते. क्लिपच्या मुळाशी आतून तेच सिलिकॉन ग्रीस चिमूटभर लावून पाहा. भेगा पडल्या असतील तर टोपण बदलावं लागेल, आणि तोवर टोपण लावलेला पेन झिप असलेल्या छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, निब वर करून.